नवी चेन टाकली तरी जोर लावला की उडायली आहे : कॅसेट बदलू का सेटिंगवर भागेल?

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार मंडळी. सायकल हायब्रिड आहे. टायर ७०० × ३५, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे ८ गिअरच्या चकत्यांचा संच (कॅसेट), ११ ते ३२ दाते. ७,००० किमी होईपर्यंत चेन एकदाही बदलली नव्हती. गेल्या आठवड्यात दुकानातून नवी ८ स्पीडची चेन टाकून घेतली आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला.

दौलताबादच्या चढाला जोर लावला की मागून खट्ट आवाज येतो, पाय एकदम खाली जातो आणि चेन पुन्हा बसते. गिअर मात्र तोच राहतो. लहानाकडून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चकतीवरच हे होतं. मोठ्या तीन चकत्यांवर काही नाही. स्टँडवर हाताने पायडल फिरवलं तर चेन अगदी गुळगुळीत चालते. दुकानात दोनदा केबल ताणून दिली, फरक शून्य.

आता एक जण म्हणतो हँगर (डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, जिथे अडकवतात तो तुकडा) वाकलाय, दुसरा म्हणतो कॅसेट गेली. पैसे घालायची तयारी आहे, पण आधी कारण कळायला पाहिजे. आणि ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून काय करावं? फिरणं बहुतेक गावाकडच्या रस्त्यांवर, पावसाळ्यात काळ्या मातीतून.

लातूरहून उत्तर

दादा, लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे सांगणं सोपं आहे. कॅसेट झिजली आहे. पण खात्री करूनच पैसे घाला.

चेनच्या एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच. वापराने पिन आणि तिच्या भोवतीचा आतला भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई येते आणि अख्खी चेन लांबते. पट्ट्या ताणल्या जात नाहीत, सांधे झिजतात. लांबलेली चेन दात्यांना आपल्या मापाने घासत जाते. म्हणून जुनी चेन आणि झिजलेले दाते एकमेकांना धरून चालतात, तक्रार येत नाही. नवी चेन खऱ्या मापाची असते. झिजलेल्या दात्यांवर तिचा भार एक-दोन दात्यांवरच येतो आणि जोर बसला की चेनचा रोलर (पिनेभोवतीची गोल नळी) दात्याच्या उतारावरून वर चढून पुढच्या खाचेत पडतो. तुमचा खट्ट आवाज तो हाच. हाताने फिरवताना भारच नसतो, म्हणून स्टँडवर काही दिसत नाही.

मोठ्या चकत्यांवर एका वेळी जास्त दाते चेन धरतात, शिवाय त्या कमी वापरल्या जातात. तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याने ७,००० किमी सोसलेत.

तरी तीन गोष्टी आधी बाजूला काढा.

एक, घट्ट बसलेली कडी. नवी चेन जोडताना पिन दाबून बसवली असेल तर तो सांधा अडतो. पायडल उलटं हळू फिरवा आणि मागच्या डिरेलरच्या लहान चाकांकडे बघा. अडलेला सांधा तिथून जाताना डिरेलर उचकी दिल्यासारखा हलतो. हा दोष ठरावीक अंतरानेच येतो. समजा चेन ११४ कड्यांची आणि पुढची चकती ३८ ची, तर ११४ भागिले ३८, म्हणजे पायडलच्या दर ३ फेऱ्यांना एकदा. तुमचं तसं होतंय का मोजा. सांधा सापडला तर दोन्ही बाजूंनी अंगठे लावून चेन आडवी हलकीच वाकवा, सुटतो.

दोन, सेटिंग किंवा वाकलेला हँगर. यात चेन शेजारच्या चकतीवर चढायला बघते, करकर आवाज हात फिरवतानाही येतो. तुमचा गिअर तोच राहतो, म्हणून हे कमी संभवतं. केबल ताणून फरक पडला नाही, त्याचंही कारण हेच.

तीन, हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातले, खटके घसरणं. तेव्हा चेन दात्यांवरून उडत नाही, पायडल मात्र रिकामं फिरल्यासारखं पुढे जातं, आणि ते कुठल्याही गिअरवर होतं. तुमच्याकडे तीनच चकत्यांवर होतंय, म्हणजे खटके ठीक आहेत.

जुनी चेन ठेवली असेल तर मोजून टाका, फेकू नका.

प्रश्नकर्ता

चेन घरीच आहे. मोजायची कशी? माझ्याकडे चेन मोजायचं गेज नाही. आणि खट्ट दर तीन फेऱ्यांना होत नाही, जोर लावला की कधीही होतं.

परभणीहून उत्तर

गेज नसलं तरी चालतं, एक फुटापेक्षा लांब स्टीलची पट्टी घ्या. प्लॅस्टिकची नको, तिचा शून्य बऱ्याचदा कडेपासून आत असतो. चेन रॉकेलने पुसून खिळ्याला टांगा, म्हणजे ती सरळ ताणलेली राहील. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि २४ पिना पुढे मोजा. नव्या चेनला बरोबर ३०४.८ मिमी येतं. ३०६.३ च्या आसपास आलं तर अर्धा टक्का झीज. ३०७ म्हणजे पाऊण टक्का, ८ स्पीडला चेन बदलायची वेळ इथे. ३०७.८ गाठलं की एक टक्का, तिथून पुढे कॅसेट वाचवणं अवघड. ११ आणि १२ स्पीडच्या चेनला तर अर्ध्या टक्क्यालाच रामराम करावा लागतो.

दाते डोळ्यांनी बघून निकाल देऊ नका. गिअरच्या चकतीवर काही दाते मुळातच कमी-जास्त उंचीचे आणि तिरके कापलेले असतात, चेन पटकन चढावी म्हणून. ते झिजलेले वाटतात, पण नवेच तसे येतात. शेजारच्या कमी वापरलेल्या चकतीशी ताडून बघा. खाच एका बाजूला आकड्यासारखी ओढली गेलीय का, तेवढं पाहा.

प्रश्नकर्ता

तीन ठिकाणी मोजलं. ३०९, ३०९.५, ३०९.५.

परभणीहून उत्तर

दीड टक्का. विषय संपला, कॅसेट गेली.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. नवी चेन काढून जुनी पुन्हा चढवायची आणि जुना संच संपेपर्यंत पळवायचा. हे चुकीचं नाही, गावातल्या गावात फिरणाऱ्यानं खुशाल करावं. पण चेन जसजशी लांबेल तशा पुढच्या चकत्याही खराब होतील आणि त्यांचा खर्च कॅसेटपेक्षा जास्त येतो. घाटाला उभं राहून पायडल मारणाऱ्यानं ते करू नये, चेन निसटली की माणूस थेट हँडलवर आपटतो. माझं मत विचाराल तर कॅसेट आत्ताच बदला. ८ स्पीडची कॅसेट या सगळ्यात स्वस्त भाग आहे.

कोणी दाते कानसेने घासून देतो म्हणालं तर नको म्हणा. दाता आणखी बारीक होतो आणि चार दिवसांनी तेच रडगाणं.

खरेदीच्या आधी एक बघा. तुमचा भाग खरोखर कॅसेट आहे का स्क्रू होणारं फ्रीव्हील? ८ गिअरमध्ये दोन्ही येतात आणि दुकानदार दोघांनाही कॅसेटच म्हणतात. चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा आणि मध्यभागी हत्यार बसायच्या खाचा बघा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट. चकत्या फिरतात पण खाचा जागेवर राहतात, तर फ्रीव्हील.

कॅसेट असेल तर एक चेनव्हिप, एक लॉकरिंगचं (कॅसेट हबवर आवळून ठेवणाऱ्या रिंगचं) हत्यार आणि मोठा पाना लागतो. चेनव्हिपने चकती धरायची आणि लॉकरिंग डावीकडे फिरवायचं. सुटताना कडकड होते, घाबरू नका, ते त्याचे दाते असतात. जुन्या चकत्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. हबच्या खाचांपैकी एक वेगळ्या रुंदीची असते, त्यामुळे नवी कॅसेट एकाच पद्धतीने बसते, जबरदस्ती करू नका. खाचांवर ग्रीसचं बोट फिरवा. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरने कसायचं असतं. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा : ३० सेंमी लांब पान्याच्या टोकाला साधारण साडेतेरा किलोचा भार. बरेच जण यापेक्षा ढिलं ठेवतात, मग शेवटची चकती खुळखुळते.

फ्रीव्हील निघालं तर घरी शक्यतो करू नका. पायडलच्या जोरानं ते वर्षानुवर्षं आवळत गेलेलं असतं. हत्यार खाचेत घालून वरून क्विक रिलीजचा नट हलका लावावा लागतो, नाहीतर खाचा तुटतात. पहिला हिसका बसून आटे सुटले की नट लगेच ढिला करायचा. नवं लावताना आट्यांना भरपूर ग्रीस लावायला सांगा, ते न लावल्यामुळेच पुढच्या वेळी निघत नाही.

नांदेडहून उत्तर

वरच्या दोघांनी रोग सांगितला, मी पथ्य सांगतो. ७,००० किमीला दीड टक्का ही झीज मातीची आहे. आपल्याकडे चेन पळण्यापेक्षा धुळीनं जास्त मरते. तेलावर बसलेली बारीक धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

त्यामुळे जळकं इंजिन ऑइल लावणं आधी बंद. ते दाट असतं, आधीच त्यात धातूची भुकटी असते आणि दोन दिवसांत चेनवर काळा चिखल तयार होतो. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ आहे, लवकर उडून जातं, म्हणजे दर १०० किमीला लावायची तयारी ठेवा. गंज सुटायच्या स्प्रेने चेन धुवायला हरकत नाही, पण त्याला वंगण समजू नका. उन्हाळ्यात कोरडं चेनल्यूब, पावसाळ्यात ओलं. चेन नवी आहेच, कॅसेटही नवी बसवाल, तर हे पहिल्या दिवसापासून पाळा.

धुण्याची रीत अशी. क्विक लिंक (चेनची उघडता येणारी कडी) उघडून चेन काढा. रुंद तोंडाच्या बरणीत १५० मिली रॉकेल घाला, रॉकेल नाही मिळालं तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन. झाकण लावून दोन मिनिटं हलवा, काढा, दुसऱ्या स्वच्छ १५० मिलीत पुन्हा. तिसऱ्या वेळी रॉकेल काळं येणार नाही. वापरलेलं रॉकेल फेकू नका, रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो, वरचं निथळून पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरा. पेट्रोल नको, वाफ पेट घेते. चेन तासभर वाळवा. मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, ११४ कड्या म्हणजे ११४ थेंब. कंटाळा येतो, पण वंगण सांध्यात जायला हवं, बाहेर नव्हे. रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं चिंधीने कोरडं पुसा. हे शेवटचं पुसणं राहिलं तर आधीची मेहनत वाया.

काळ्या मातीचा चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की दगड होतो, डिरेलरच्या स्प्रिंगमध्ये आणि ब्रेकच्या बिजागरीत अडकतो, खरवडायला गेलात तर रंग जातो. बादलीभर पाणी आणि ब्रश पुरे. गाड्या धुण्याच्या सेंटरवर नेऊ नका, प्रेशरचं पाणी हबच्या आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये घुसून ग्रीस धुऊन नेतं.

आणि चेन दर ५०० किमीला मोजा. ३०७ दिसताच बदलली तर एकाच कॅसेटवर तीन-चार चेन निघतात.

धाराशिवहून उत्तर

चाक काढणारच आहात तर टायरही आतून बघून घ्या. सराट्याचे काटे बाहेरून तुटतात आणि टोक रबरात राहतं, मग ट्यूब बदलली तरी दोन दिवसांनी हवा कमी. कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा, जिथे धागे अडकतील तिथे काटा आहे. बारीक पकडीने आतून ढकलून बाहेरून ओढा. वेड्या बाभळीचा काटा लांब असल्याने दिसतो तरी.

प्रश्नकर्ता

खाचा फिरल्या, म्हणजे कॅसेटच होती. काल नवी ११-३२ बसवली. जुन्या दुसऱ्या-तिसऱ्या चकतीच्या खाचा नव्याशेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो. आज चढावर जोर लावून बघितला, एकदाही उडाली नाही. टायरमधून सराट्याची तीन टोकं निघाली.

आता एकच राहिलंय. मोठ्या चकतीकडे गिअर पटकन पडतो, पण लहानाकडे येताना एक फेरी उशिरा येतो. केबल ढिली करू?

लातूरहून उत्तर

आधी ढिली करू नका, धूळ तपासा. एकीकडे झटकन आणि दुसरीकडे उशीर, हे केबल कव्हरमध्ये अडकत असल्याचं लक्षण. डिरेलरला जाणारा मागचा कव्हरचा गोल तुकडा बघा, त्याचं तोंड चाकाच्या धुळीसमोरच असतं. गिअर मोठ्या चकतीवर घ्या, मग पायडल न फिरवता शिफ्टर लहानाकडे आणा. केबल ढिली पडते, कव्हर फ्रेमच्या खाचेतून निघतं. ते सरकवून केबल पुसा. गंज किंवा धागा तुटलेला दिसला तर केबल आणि तो तुकडा दोन्ही बदला. कव्हर ४ मिमीचं गिअरचंच घ्या, ब्रेकचं ५ मिमीचं घालू नका, ते दाबलं जातं आणि गिअर जागेवर बसत नाही. कापल्यावर टोक कानसेने सपाट करा.

एवढं करून उशीर राहिलाच तर डिरेलरवरची गोल घुंडी घड्याळाच्या दिशेने पाव फेरी फिरवा, परत चालवून बघा, लागली तर आणखी पाव.

प्रश्नकर्ता

कव्हरच्या तोंडाशी वाळलेली माती होती. पुसून परत बसवलं, घुंडीला हात लावावा लागला नाही. गिअर दोन्हीकडे सारखा पडायला लागलाय. नव्या चेनवर आजचं माप लिहून ठेवलं, ३०५. सगळ्यांचे आभार.