वापरलेली ऑक्टाव्हिया कॉम्बी: ११० की १५०?

नेकारकाठी (धागाकर्ता)

श्टुटगार्टात येऊन चार वर्षं झाली. आजवर एस-बान (लोकल) आणि अधूनमधून भाड्याची गाडी यावर निभावलं. आता मुलगी दोन वर्षांची आहे आणि मे महिन्यात सांगलीहून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत. बाबागाडी, चार मोठ्या बॅगा आणि आईचा डबे बांधून नेण्याचा उत्साह बघता कॉम्बीच (मोठ्या डिकीची इस्टेट) घ्यायची, यावर घरात एकमत झालं. एकमत तिथेच संपलं.

बजेटात बसणाऱ्या दोन स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी आहेत. दोन्ही २०१६च्या, डिझेल, युरो ६ (प्रदूषणाचा निकष).

अ: १.६ टीडीआय, पाच गिअरची मॅन्युअल, ९६,००० किमी, एकच मालक, निवृत्त गृहस्थ.

ब: २.० टीडीआय, सहा गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक), १,६३,००० किमी, आधी कंपनीच्या लीजवर होती. ६०० युरोंनी महाग.

गंमत म्हणजे आकडा दोन्हीकडे ११०च! अ च्या जाहिरातीत ११० पीएस (अश्वशक्ती) लिहिलंय, तर ब च्या कागदावर ११० किलोवॅट, म्हणजे १५० पीएस. हे लक्षात येईपर्यंत दोन्हींची ताकद सारखीच समजून मी अर्धा तास घासाघीस करत होतो. डीलरला काय वाटलं असेल ते असो.

वापर असा: रोज मुलीला किटात (पाळणाघरात) सोडून स्टेशन गाठायचं, एकूण ६ किमी. शनिवारी बाजार. महिन्यातून एकदा म्युनिकला मेव्हण्याकडे. वर्षातून एक-दोन लांबच्या सहली. यंदा सगळ्यांना घेऊन आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीमार्गे इटलीतलं गार्डा सरोवर. वर्षाला फार तर १२,००० किमी होतील. बायको म्हणते अ, मी म्हणतो ब. भांडा.

घाटावरचा

ब. डोळे मिटून.

तुमचा म्युनिकचा रस्ता म्हणजे ए-८ ऑटोबान (महामार्ग). त्यावर आइशेलबर्ग आणि ड्राकेनस्टाइनचा चढ आहे. माझ्याकडे आधी हीच १.६ होती. पाच माणसं आणि सामान घेऊन तो चढ चढताना उजवीकडे ट्रकांची रांग रांगत असते आणि डावीकडून लोक १५०ने येत असतात. ट्रकच्या मागून बाहेर पडायचं तर आरशात बघून, देवाचं नाव घेऊन पाय दाबायचा आणि वाट बघायची. सासऱ्यांनी एकदा मागून विचारलं, "एसी बंद करू का?" त्या दिवशी गाडी विकायचं ठरवलं.

१.६ला टॉर्क (ओढण्याचा जोर) २५० न्यूटन मीटर, २.०ला ३४०. पीएसचा आकडा विसरा, भरल्या गाडीत हा फरक जाणवतो. आणि पाच गिअर? ऑटोबानवर सहावा शोधत हात उगाच फिरत राहतो.

सुमेधा_क

अ. तेही डोळे उघडे ठेवून.

आमच्याकडे १.६चीच जुनी, १०५ पीएसची आहे, सहा वर्षं झाली. सासू-सासरे, दोन मुलं आणि डिकीत कुकरसकट अख्खं स्वयंपाकघर घेऊन दोनदा ब्रेनर ओलांडलाय. कुणीही उतरून ढकललं नाही.

नवरा आकडेमोड केल्याशिवाय जेवत नाही, त्याने केलेला हिशोब देते. माणसं-सामानासकट गाडी १,९०० किलो धरा, चढ ५ टक्के, वेग ताशी १००. नुसतं वर चढायला साधारण २६ किलोवॅट लागतात. हवेचा आणि टायरचा विरोध धरला की ४०च्या आसपास. तुमच्या ११० पीएसवाल्या इंजिनाकडे ८१ आहेत. म्हणजे निम्मं इंजिन बसूनच आहे.

आणि वर्षातल्या किती तासांसाठी ही चर्चा? म्युनिकच्या फेऱ्यांतले चढ आणि एक ब्रेनर मिळून फार तर पाच-सहा तास. उरलेलं वर्ष गाडी किटासमोर जागा शोधत फिरणार आहे. त्यासाठी ६७,००० किमी जास्त पळालेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यायची?

कर पण बघा. डिझेलला दर १०० सीसीमागे ९.५० युरो. १.६ला १५२, २.०ला १९०, वर सीओटूचे वेगळे. विम्याचं दोन्हींचा टाइपक्लास (विम्यासाठीचा गाडीचा वर्ग) टाकून तपासा, तिथेही फरक असू शकतो.

घाटावरचा

३८ युरो! वर्षाला! एवढ्यात बाहेर दोघांचं धड जेवणही होत नाही.

तुमच्या यजमानांचा हिशोब बरोबर आहे, पण अर्धा. ८१ किलोवॅट मिळतात ते इंजिन वर ताणल्यावर. पाचव्या गिअरमध्ये ताशी १००ला इंजिन २,००० आरपीएमच्या आसपास फिरतं. तिथे २५० न्यूटन मीटर म्हणजे साधारण ५२ किलोवॅट. चढाला ४० गेले, हातात उरले १२. बारा किलोवॅटमध्ये दोन टनांची गाडी ट्रकच्या पुढे काढून दाखवा. २.० तेवढ्याच आरपीएमला ७० देते. हातात तीस. हा फरक मला मणक्यात कळतो, यजमानांना कागदावर कळेल.

अवांतर: तुमची १०५वाली युरो ५ असेल तर २०२०पासून श्टुटगार्टच्या खोऱ्यात तिला बंदी आहे. धागाकर्त्याला ती चालली नसती, एवढंच.

सुमेधा_क

आम्ही उल्मला राहतो. श्टुटगार्टात यायचं तर ट्रेनने येतो, पार्किंगही शोधावं लागत नाही.

आणि पाचव्यात का चढायचं? चौथा टाकायचा. २,५०० आरपीएम, ६५ किलोवॅट. म्हणजे तुमचे चाळीस जास्तीचे पीएस गिअरच्या दांड्याला एक हात लावण्याएवढे आहेत. तेवढे कष्ट मला झेपतात.

तेलकट_हात

वाचून मजा आली. इंजिनावरून एवढी झुंज चाललीय आणि गिअरबॉक्सकडे कुणी बघतच नाहीये. मी गॅरेजमध्ये बारा वर्षं काढली आहेत, त्यातून सांगतो.

ब ची सहा गिअरची डीएसजी ओल्या क्लचची आहे. चांगली आहे, सुक्या क्लचच्या सात गिअरवालीपेक्षा मला कधीही परवडली. पण दर ६०,००० किमीला तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. १,६३,००० म्हणजे ते दोनदा झालेलं असायला हवं. शेकहेफ्टमध्ये (सर्व्हिस बुकात) दोन नोंदी दिसल्या नाहीत तर गाडी तिथेच ठेवून या. "लाइफटाइम तेल आहे" असं कुणी म्हणालं तर विचारा, कुणाचं लाइफ?

किलोमीटरचं उलटं आहे. लीजवाल्या गाडीचे १,६३,००० बहुतेक ऑटोबानवर गेलेले असतात, गरम इंजिन, एकसारखा वेग. आजोबांचे ९६,००० बेकरी, चर्च आणि डॉक्टर यांच्यामध्ये गेले असतील तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने भरलेला असू शकतो. तो साफ व्हायला आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जावं लागतं, आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग पळणं लागतं. मधेच गाडी बंद केली की काम अर्धवट, आणि जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची कांडी काढून बघा. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि वासाला डिझेल येत असेल, तर आजोबा फारच कमी फिरत होते.

आता खरा प्रश्न आजोबांचा नाही, तुमचा आहे. रोज ६ किमी, तेही मध्ये किटाला थांबून! हिवाळ्यात तेवढ्यात डिझेलचं पाणीसुद्धा तापत नाही. दोन्हीपैकी कोणतीही घेतलीत तरी पंधरवड्यातून एकदा अर्धा तास ऑटोबानवर फिरवून आणावी लागेल. कुत्र्यासारखं.

टायमिंग बेल्ट या इंजिनांना २,१०,०००ला सांगितलाय. मी एवढी वाट बघत नाही. ब ला तो खर्च जवळ आलाय, भावात धरा.

मंद_पण_ठाम

६ किमी रोज आणि वर्षाला १२,०००? मग डिझेल कशाला? १.४ टीएसआय पेट्रोल बघा. पेट्रोलला १०० सीसीमागे २ युरो, म्हणजे २८ युरो, वर सीओटूचे वेगळे. डिकी तीच, ६१० लिटर.

नेकारकाठी

@मंद_पण_ठाम: पेट्रोल कॉम्बी बघितल्या होत्या. याच किमतीत मिळाल्या त्या आणखी दोन वर्षं जुन्या, आणि एकीच्या दारावर भलामोठा पोचा. पण मुद्दा पटतोय, आणि तोच त्रास आहे.

@तेलकट_हात: कुत्र्यासारखं हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग फिरवून आणायचं काम तुझं.

पेठेतला

अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे ही ऑक्टाव्हिया २.० डिझेलमध्ये आली, १४३ पीएसची, पण फक्त सेडान. कॉम्बी आपल्या लोकांना पचतच नाही. कॉलनीत एकाकडे इंडिगो मरीना होती, तिला सगळी पोरं अँब्युलन्स म्हणायची.

आणि तुमच्या ११० पीएसची कीव करणाऱ्यांसाठी: काकांकडे टाटा इस्टेट होती. १९९२ साली आली ती. दोन लिटरच्या आसपासचं डिझेल, टर्बो नाही, आणि ताकद तुमच्या १.६पेक्षा पुष्कळच कमी. सात माणसं घेऊन खंबाटकी चढायची. दुसऱ्या गिअरमध्ये, खिडक्या उघड्या, आणि मागच्या लाल एसटीचा ड्रायव्हर हॉर्नवर झोपलेला. वर पोचलो की काका बॉनेटवर हात ठेवून म्हणायचे, "थोडं पाणी पिऊ दे तिला."

घाटावरचा

खंबाटकीत मागून कुणी ताशी १५०ने येत नाही हो.

झटपट_राव

सोपा उपाय: अ घ्या आणि चिप ट्यून करा, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदला. त्याच इंजिनातून १४० निघतात.

तेलकट_हात

असा सल्ला देऊ नका. ट्यूफकडून (गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून) मंजुरी घेऊन कागदावर नोंद केली नाही तर गाडीचा परवानाच बाद होतो. विमा कंपनीला न सांगता केलंत आणि अपघात झाला, तर ते एकेक पीएस मोजून वसूल करतील. शिवाय क्लच ११० पीएसचाच राहतो.

नेकारकाठी

शनिवारी दोन्ही चालवून आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

डीलर किर्शहाइमला, म्हणजे आइशेलबर्गच्या पायथ्याशीच. ऑफिसमधल्या मित्राला बायकोसकट उचललं आणि डिकीत पाण्याच्या बाटल्यांचे चार क्रेट टाकले. डीलरने दोनदा विचारलं, हे कशासाठी. आई-बाबा आणि बॅगा, म्हटलं. त्याला मित्र-मित्राची बायको आई-बाबा वाटले असावेत, पण गप्प बसला.

आधी ब, मी चालवली. घाटावरचे, तुमचं म्हणणं खरं आहे. चढावर पाय टेकवला आणि गाडी निघाली, बस्स. मागच्या सीटवरच्या गप्पासुद्धा थांबल्या नाहीत. मी मनात सही करून मोकळा झालो होतो.

मग अ. मी चालवली, पाचव्यात. ट्रकच्या मागे अडकलो, बाहेर पडायला बघितलं, आणि ते बारा किलोवॅट मोजता येतील इतके स्पष्ट कळले. मित्र म्हणाला, एसी बंद करू का. (देवाशपथ, त्याने हा धागा वाचलेला नाही.) वर वळून परत खाली आलो, तर बायको म्हणाली, मला दे. तिने त्याच जागी चौथा टाकला आणि ट्रक मागे टाकला. आवाज वाढला, पण गाडी गेली. नंतर एवढंच म्हणाली, "चौथा टाकायला हात जड होतो का तुझा?"

तेलकट_हात, आता तुमचं. ब च्या शेकहेफ्टमध्ये ६०,०००ची डीएसजी तेलाची नोंद आहे, १,२०,०००ची नाही. विचारलं तर उत्तर आलं की या गिअरबॉक्सला गरज नसते. "लाइफटाइम" हा शब्द वापरला नाही, पण जवळपास पोचला. अ ची कांडी काढली, पातळी दोन खुणांच्या मध्ये, वास तेलाचाच. आजोबांची मुलगी हॅम्बुर्गला राहते आणि ते दर महिन्याला तिच्याकडे गाडीने जायचे, असं डीलरने सांगितलं. खरं-खोटं देव जाणे, पण सर्व्हिसच्या तारखा आणि किमी बघता पटण्यासारखं आहे.

अ ला २०० युरो अनामत देऊन आलोय.

तेलकट_हात

१,२०,०००ची नोंद नव्हती, विषय संपला. नोंद असती तर मी ब म्हणालो असतो, हेही लिहून ठेवतो. गाडी ताब्यात घेण्याआधी डीपीएफमधली काजळी किती भरलीय ते डायग्नोस्टिक लावून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, नाही म्हणाले तर अनामत परत मागा.

सुमेधा_क

अभिनंदन! वहिनींना माझा नमस्कार सांगा. ब्रेनरला जाताना उल्मवरूनच जाल, जेवायला थांबा.

घाटावरचा

मॅन्युअल २.० शोधायला हवी होती. महिनाभर थांबला असतात तर मिळाली असती आणि डीएसजीच्या तेलाचा प्रश्नच आला नसता. असो, अभिनंदन.

मे महिन्यात आई-बाबा, चार बॅगा आणि उल्मचं जेवण पोटात घेऊन ब्रेनर चढलात की इथे लिहा. गिअर कोण टाकत होतं तेही लिहा.