ग्रीक नाटक उत्स्फूर्ततेतून जन्मलं, मग आपण संहितेपासून सुरुवात का करतो?

रंगपेटी
नाट्यशिबिरात पहिल्याच दिवशी हातात संहिता देतात, हे मला पटत नाही. ‘पोएटिक्स’च्या चौथ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सांगतो, शोकांतिका उत्स्फूर्त सादरीकरणातून निघाली, डिथिरँब गाणाऱ्यांच्या म्होरक्यांपासून. डिथिरँब म्हणजे डायोनायसस देवाचं समूहगीत. इ.स.पू. सातव्या शतकातला कवी आर्किलोकस म्हणतो, मद्याने डोकं झिंगलं की हे गाणं कसं उचलायचं ते मला ठाऊक आहे. म्होरक्या सुचेल ते गाणार, घोळका झील ओढणार. समोरच्याने दिलेलं नाकारायचं नाही, त्यात भर घालायची, हा इम्प्रोव्हचा, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी रचलेल्या नाट्याचा, पहिला धडा याहून वेगळा आहे का?

तालीममास्तर
वेगळा आहे. ॲरिस्टॉटल पहिला नट मानल्या जाणाऱ्या थेस्पिसनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहितोय, त्याने ते गाणं ऐकलेलं नाही. अथेन्समधली खरी पद्धत बघा. कवीने आर्खोन या अधिकाऱ्याकडे कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, मागायचा. मंजूर झाला की एखादा धनिक नागरिक खर्च उचलणार, मग तालमी. आधी 12, पुढे 15 जण मुखवटे चढवून ऑलोस या जोडपाव्याच्या सुरावर एकत्र गाणार आणि नाचणार. स्ट्रोफी या कडव्याची जी लय, तीच मापात अँटिस्ट्रोफी या जोडकडव्याला. हे आयत्या वेळी जमेल? डिथिरँबच्या स्पर्धेत तर 50 जण उतरत.

रंगपेटी
कोरसचं मान्य. नटांचं काय? इ.स.पू. 330 च्या सुमारास अथेन्सचा राजकारणी लायकरगस याने कायदा आणला: एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस या शोकांतिकाकारांच्या संहितांची अधिकृत प्रत नगराने जपायची आणि नटांनी ती सोडून बोलायचं नाही. नट पदरची वाक्यं घालत नसते तर कायदा कशाला लागला असता?

तालीममास्तर
पदरची वाक्यं घालणं म्हणजे उत्स्फूर्तता नव्हे. जुनी नाटकं पुन्हा रंगवताना नटांनी आपल्या सोयीने घरी बसून केलेली भर असेल ती. शिवाय कायदा संहितेच्या बाजूचा आहे, हे विसरू नका.

सावंतवाडीकर
दोघेही म्होरक्याला एकटा पाडताय. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, सोंगं ठरलेली, संवाद मात्र नट तिथल्या तिथे बोलतो. मृदंग आणि पेटी त्याला धरून असतात म्हणून तो मोकळा सुटतो. डिथिरँबमध्येही घोळक्याला झील पाठ असल्याशिवाय म्होरक्याने नवी ओळ कशाच्या बळावर टाकली असेल?

तालीममास्तर
दशावतार मलाही प्रिय आहे, पण त्यावरून अथेन्स सिद्ध होत नाही. झील पाठ हवी, हे मात्र मी पहिल्यापासून म्हणतोय. पाठांतर आधी.

रंगपेटी
एक ओळ पाठ करायला पाच मिनिटं पुरतात, त्यासाठी अख्खं नाटक कशाला? मुलांना दोन मात्रांची झील द्या, एकाला पुढे उभं करा. त्याने जे म्हटलं त्यातलाच शब्द उचलून पुढच्याने ओळ रचायची. थेस्पिसने कोरससमोर एक नट उभा केला, एस्किलसने दुसरा, सोफोक्लीसने तिसरा. शिबिरातही माणसं त्याच क्रमाने वाढवा. संहिता तिसऱ्या दिवशी द्या.

तालीममास्तर
दुसऱ्या दिवशी. त्यापुढे मी जाणार नाही.