उंचीच्या भीतीवर व्हीआर उपचार: समोरचे खोटे आहे हे ठाऊक असताना उपयोग होतो का?

जिन्याचा सोबती:
कित्येक वर्षे मला उंचीची भीती आहे. तिसऱ्या मजल्याच्या सज्जात उभा राहिलो तरी पायांतले बळ जाते, तळहात ओले होतात, आणि कठडा कितीही भक्कम असला तरी आपणच नकळत पुढे झुकू अशी धास्ती वाटत राहते. आजवर खिडकीपासून दूरची खुर्ची पकडून निभावले. आता मात्र कामाची जागा अकराव्या मजल्यावर जाणार असून तिथली लिफ्ट काचेची आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी व्हर्च्युअल रिअॅलिटीचा (व्हीआर, म्हणजे डोळ्यांसमोर आभासी दृश्य उभे करणारा) हेडसेट लावून टप्प्याटप्प्याने उंचीला सामोरे जाण्याचा उपचार सुचवला आहे. माझी अडचण अशी, की आपण खोलीतल्या जमिनीवरच उभे आहोत हे पक्के ठाऊक असताना भीती वाटेलच कशी, आणि वाटलीच नाही तर ती जाईल कशी?

मनोवेध:
मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. हीच शंका जवळपास प्रत्येक जण पहिल्या बैठकीत काढतो, आणि हेडसेट लावल्यावर मिनिटभरात ती बहुधा विरते. समोर अरुंद फळी दिसू लागली की माणूस पाऊल उचलत नाही, जमिनीला घासत पुढे सरकवतो आणि चवड्याने नसलेली कड चाचपतो. खाली सतरंजी आहे हे तळपायाला कळत असते, तरीही. शिवाय ‘हे खरे नाही’ एवढ्या जाणिवेने भीती हटत असती, तर भक्कम कठड्याआड आपण पडणार नाही हेही तुम्हांला ठाऊक आहेच की.

ती जाते कशी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. प्रत्येक टप्प्याआधी ‘आता नेमके काय होईल असे वाटते’ हे आम्ही वदवून घेतो: तोल जाईल, भोवळ येईल, भीती वाढतच जाईल. मग शून्य ते शंभर या मोजपट्टीवर, जी मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्यापासून चालत आली आहे, अधूनमधून भीतीचा आकडा विचारतो आणि भाकीत खोटे ठरेपर्यंत तिथेच थांबतो. आकडा दर वेळी उतरतोच असे नाही. तो सत्तरावर असतानाही ठरवलेला अनर्थ घडला नाही, एवढे अंगी मुरले तरी त्या दिवसाचे काम झाले. जुनी भीती पुसली जात नसून तिच्याशेजारी तिला अडवणारी नवी शिकवण रुजते, असे आज मानले जाते, आणि म्हणूनच सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या दिवशी करायचा असतो.

१९९५ साली बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी आभासी पूल, सज्जे आणि (तुमच्या कामाची गोष्ट) काचेची लिफ्ट वापरून हा प्रयोग केला, तेव्हाची चित्रे आजच्या मानाने ओबडधोबडच होती, तरी भीती वाटली आणि ओसरलीही. २००२ साली पॉल एमेलकॅम्प यांच्या गटाला आभासी आणि खऱ्या उंचीवरच्या सरावाचा गुण सारखाच आढळला. २०१८ साली ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने १०० जणांवर केलेल्या चाचणीत तर सूचना देणारा प्रशिक्षकही आभासीच होता. झाडावर अडकलेले मांजर सोडवण्यासारखी कामे करत दोन आठवड्यांत उपचार घेणाऱ्यांची भीती सरासरी ६८ टक्क्यांनी कमी झाली. मात्र तिथे तुलना नेहमीच्या उपचारांशी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत काहीच न करण्याशी होती, हे तो आकडा वाचताना विसरू नये.

आठवा टप्पा:
मी हा उपचार दोन ठिकाणी घेतला. पहिल्या ठिकाणी यंत्र उत्तम होते, पण मी बैठकभर शेजारच्या टेबलाची कड धरून ठेवत होतो आणि खाली पाहायची वेळ आली की नजर दूरच्या इमारतींवर नेत होतो, याबद्दल कोणी हटकले नाही. परिणामी चित्रातला विसावा मजला सोसू लागला आणि खरा चौथा मजला होता तसाच राहिला, कारण ‘टेबल होते म्हणून निभावले’ हीच समजूत आत पक्की होत गेली होती. दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच दिवशी टेबल बाजूला सारले, हात पाठीशी घ्यायला लावले आणि खालच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजायला सांगितल्या. सतराव्या गाडीपर्यंत आलो तेव्हा आपण मोजण्यात चुकलो म्हणून वैतागलो होतो, घाबरलो नव्हतो. प्रत्येक बैठकीनंतर दोन दिवसांत तेवढ्याच उंचीचा खरा जिना चढून यायचे, अशी अटही होती. माझ्या मते खरा गुण त्या अटीचा.

कर्णतोल:
एक सावधगिरीची सूचना. हेडसेटमध्ये डोळ्यांना हालचाल दिसते आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, त्यामुळे काहींना मळमळते. त्या मळमळीला भीती समजू नये. अपस्माराचा त्रास असेल, किंवा सपाट जमिनीवरही गरगरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

जिन्याचा सोबती:
सर्वांचे आभार. टेबलाची कड वाचून मी हसलो, कारण मीही तेच केले असते. एवढेच विचारतो: खऱ्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच असह्य झाले तर उतरावे का?

मनोवेध:
उतरलात तरी चालेल, पण जिन्याने परत खाली जाऊ नका. त्याच मजल्यावर काचेसमोर उभे राहा, श्वास सावरला की पुढची लिफ्ट पकडा, आणि पाठ दाराकडे ठेवा.