मदत हवी आहे: भाऊ बोलेनासा झाला आहे, सोमवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे

बांधावरचा: नमस्कार. माझा धाकटा भाऊ जळगावला वसतिगृहात राहून नीटची तयारी करतो. दिवाळीनंतर परत गेल्यापासून तो फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ यांपलीकडे बोलत नाही. ‘मी हुशार नव्हतोच, गावात दुसरे कोणी नव्हते म्हणून पहिला येत होतो,’ असे त्याने आईला सांगितले. फीचा दुसरा हप्ता सोमवारी भरायचा आहे. तो भरावा की त्याला घरी आणावे, एवढेच विचारायचे आहे. कापूस वेचणी सुरू असल्याने मला इथे वारंवार येता येणार नाही, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

तापीकाठ: थेट उत्तर कशाच्या आधारावर द्यायचे? वय किती, कितवीत आहे, झोप-जेवण कसे आहे, यातले आपण काहीच लिहिलेले नाही.

रोखठोक: मोबाईल काढून घ्या आणि पहाटे सूर्यनमस्कार घालायला लावा. आमचे गुण वर्गात मोठ्याने वाचले जात, तरी आम्ही खचलो नाही.

निवृत्त_गुरुजी: खचले ते शाळा सोडून गेले, म्हणून ते आपल्याला आठवत नाहीत. चौतीस वर्षे शिकवताना मी हेच पाहिले, की गावातला पहिला मुलगा शहरातल्या वर्गात जातो, तेव्हा त्याची बुद्धी तेवढीच असते, पण मोजायची पट्टी बदललेली असते. हर्बर्ट मार्श आणि जॉन पार्कर या संशोधकांनी १९८४ साली हेच मांडले: सारख्याच कुवतीची मुले हुशारांच्या घोळक्यात स्वतःला कमी लेखतात.

दोनदा_नीट: मी स्वतः एक वर्ष गॅप घेतला आणि तो फळला. त्याला घरी आणा. नाहीतर लातूरला पाठवा, तिकडचे वातावरण वेगळे आहे.

तापीकाठ: लातूरबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही.

बांधावरचा: तो १६ वर्षांचा असून अकरावीत आहे. दहावीला ९३ टक्के होते. दर रविवारी ७२० गुणांची परीक्षा होते, सोमवारी यादी भिंतीवर लागते आणि त्याच क्रमाने बाक ठरतात. तो सध्या शेवटून दुसऱ्या बाकावर आहे. दिवाळीत एकदा तो गोठ्यात बैलांकडे तोंड करून ‘मला’, ‘तुला’, ‘मला’, ‘तुला’ असे पुटपुटताना दिसला. वर्गात तोंडून ‘मला’ऐवजी आमच्या अहिराणीतले ‘माले’ निघाले की मुले हसतात म्हणे. याचा फीशी काय संबंध, ते मला कळत नाही.

निवृत्त_गुरुजी: फार संबंध आहे. आईची भाषाच चुकीची ठरली, तर मुलगा प्रश्न विचारायला हात वर करील कशाला? आणि हसणाऱ्यांना सांगा, २०११च्या जनगणनेत खान्देशीची मोजणी मराठीपासून वेगळी केलेली आहे आणि अहिराणी त्यातच धरली आहे.

रोखठोक: अहिराणी ही मराठीची बोलीच आहे. उगाच वेगळी चूल मांडू नये.

दोनदा_नीट: इंटरनेटवर आत्मसन्मानाची दहा विधानांची चाचणी मिळते. ती त्याच्याकडून भरून घ्या, लगेच निकाल लागेल.

समुपदेशक_धुळे: ती रोझेनबर्ग यांची १९६५ची मापनश्रेणी असून तिच्यावरून आजाराचे निदान होत नाही. आधीच गुणांनी पिचलेल्या मुलाच्या हाती आणखी एक गुणपत्रिका देऊ नये. बांधावरचा दादा, मला तीनच गोष्टी सांगा: तो झोपतो का, जेवतो का, आणि अलीकडे त्याने स्वतःच्या जिवापाड जपलेल्या वस्तू कोणाला देऊन टाकल्या का?

बांधावरचा: मेसचा डबा निम्मा परत जातो, असे खोलीतला मुलगा म्हणाला. झोपेचे माहीत नाही. बॅट मात्र त्याने दिवाळीत चुलतभावाला देऊन टाकली. तिला तो कोणाला हातही लावू देत नसे. आता अभ्यासामुळे खेळणे होत नाही म्हणून दिली असेल, असे आम्ही समजलो.

समुपदेशक_धुळे: कारण तेवढेच असू शकेल, परंतु ते गृहीत धरू नका. सोमवारची वाट न पाहता आजच निघा आणि तोवर खोलीतल्या मुलाला व वसतिगृहाच्या रेक्टरना त्याच्याजवळ थांबायला सांगा. भेटल्यावर ‘जगणे नको असे मनात येते का?’ हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य असून मराठीत बोलता येते, आणि तिथे आपणही सल्ला विचारू शकता. उद्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला दाखवा. वय अठराच्या आत असल्याने आईवडिलांपैकी एकाला सोबत घ्या. फीचा निर्णय त्यानंतर, त्याच्यासमोर बसून घ्या.

रोखठोक: मी लिहिले तेव्हा बॅटचे ठाऊक नव्हते. अमळनेरच्या बाजूला असाल तर गाडी घेऊन येतो, कळवा.

बांधावरचा: आभार, पण वडिलांसह आगगाडीने पोहोचलो. आईने बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा त्याने खाल्ला. मी सरळ विचारले. बराच वेळ तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला, मग ‘कधीकधी’ म्हणाला, आणि पुढचे सगळे अहिराणीत बोलला. १४४१६वर आमच्यासमोरच त्याचे बोलणे झाले. रात्री त्याला एकटे ठेवणार नाही. सकाळी तिघेही रुग्णालयात जात आहोत.