निवृत्त बसगाड्या : परदेशात दुसरा जन्म, आपल्याकडे थेट कटर?

खाडीपलीकडचा (गुहागर)
15 सप्टेंबर 2023. गणपतीला चार दिवस राहिले होते. मी पडवीत मखराची लाकडं कापत होतो. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकला : अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे निघालेली बेस्टची शेवटची जुनी डबल डेकर. हार घातलेले, फुगे बांधलेले. करवत खाली ठेवली आणि शेवटपर्यंत बघत बसलो. 1937 पासूनचा प्रवास होता तो. एकेकाळी तसल्या नऊशेच्या आसपास गाड्या मुंबईत होत्या. वरच्या मजल्यावरची पुढची सीट पकडायला आम्ही दोन गाड्या सोडायचो.

आता मुद्दा. लंडनच्या डबल डेकर थकल्या की सिलोनला जायच्या. आधी आरटी जातीच्या, पुढे 1980 च्या दशकाच्या शेवटी रूटमास्टरसुद्धा. अमेरिकेतल्या शाळांच्या पिवळ्या बस ग्वाटेमालात जातात, तिथे रंगरंगोटी होते, नाव मिळतं, आणि टपावर बाजाराच्या पाट्या लादून डोंगर चढतात. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते, परिवहन महामंडळांच्याही. मग सरळ भंगार. एखादी डबल डेकर वेळणेश्वरच्या किनाऱ्याला उभी केली असती, खाली वाचनालय, वर बसून समुद्र, तर कुणाचं काय गेलं असतं?

बोटीवरचा
काका, राग मानू नका. ब्रह्मदेशातल्या यांगूनला आमची बोट लागायची तेव्हाचं सांगतो, तिथली बसव्यवस्था 2017 साली बदलली त्याच्या आधीचं. जपानच्या जुन्या बस होत्या, अंगावरची जपानी अक्षरंही तशीच. बघायला गंमत वाटते. पण जपानात गाड्या डावीकडून चालतात, म्हणून दार डावीकडे. ब्रह्मदेशात 1970 पासून उजवीकडून. म्हणजे बाई पोराला कडेवर घेऊन उतरणार ती भर रस्त्यात, मागून येणाऱ्या ट्रकसमोर. काही गाड्यांना उजवीकडे नवीन दार कापलेलं, सगळ्यांना नाही. याला दुसरा जन्म म्हणायचं?

चौथी सीट
दार चुकीच्या बाजूला होतं हे कबूल. पण ती गाडी नसती तर ती बाई चालत गेली असती. ग्वाटेमालातल्या मालकाला कुणी बस गळ्यात मारलेली नाही. स्वतः जाऊन बघून, पैसे मोजून आणतो. गिअरबॉक्स बदलतो, चेसिस आखूड करतो. आपण इथे बसून त्याची कीव कशाला करायची?

बोटीवरचा
कीव नाही हो. श्रीमंताच्या अंगणातला धूर गरिबाच्या अंगणात जातो, एवढंच म्हणणं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2020 चा अहवाल आहे : 2015 ते 2018 मध्ये 1 कोटी 40 लाख वापरलेल्या गाड्या जगभर निर्यात झाल्या, सगळ्यांत जास्त आफ्रिकेत.

चौथी सीट
त्या हलक्या गाड्या. बस त्यात नाहीत. आकडा बरोबर, पण जागा चुकली.

बोटीवरचा
बरं, आकडा मागे घेतो. मग माल्टा घ्या. जुलै 2011 मध्ये त्यांनी स्वतःच्या जुन्या बस बंद केल्या, पर्यटक ज्यांचे फोटो काढायचे त्या. आणि लंडनने नको म्हटलेल्या लांबलचक जोडबस आणल्या. ऑगस्ट 2013 मध्ये त्यातल्या काही लागोपाठ पेटल्या. शेवटी काढूनच टाकल्या. घरची सोडून दुसऱ्याची उतरलेली आणली, त्याची ही गोष्ट.

आंबोळी
सगळे पुरुष बोलताय म्हणून मधे पडते. माझ्या आईचे गुडघे गेलेत. जुन्या बसच्या पहिल्या पायरीशी आली की ती माझा खांदा धरते आणि देवाचं नाव घेते. एकदा हात सुटला, हनुवटीला टाके पडले. लंडनची रूटमास्टर 9 डिसेंबर 2005 ला 159 नंबरच्या मार्गावर नेहमीच्या सेवेत शेवटची धावली, त्यामागे व्हीलचेअर आत जात नाही हेही कारण होतं. आठवणी काढणारे बहुतेक आता स्वतःच्या गाडीने गावी येतात. वस्तीच्या गाडीने कोण येतं ते एकदा थांब्यावर उभं राहून बघा.

मालवणचो झील
आधी गाडी टायमार येवंदे, मगे काय त्या आठवणी काढा.

वर्कशॉपवाला (निवृत्त)
तीस वर्षं एका आगारात पत्र्याचं काम केलं. गुहागरकर, तुमच्या वाचनालयाचं सांगतो. खाऱ्या वाऱ्यात आधी फूटबोर्ड जातो, मग खिडकीखालची पट्टी, मग चाकावरचा पत्रा. चालत्या गाडीचं निदान धुणं-पुसणं, रंग होतो. उभ्या गाडीकडे कोण बघतो? दोन पावसाळ्यांत आत कुत्री बाळंत होतील.

आणि आपल्याकडे दुसरा जन्म नव्हताच असं नाही. 2020 च्या टाळेबंदीत एसटीच्या जुन्या गाड्यांची बाकं काढून त्या मालवाहू केल्या. पुण्यात जुन्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं झाली. त्यांना कुणी हार घातल्याचं ऐकलं नाही.

वाईट मलाही वाटतं. वस्तीची गाडी रात्री देवळापुढे उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टरला कुणाच्या तरी घरून आमटीभात यायचा, पहाटे डबल बेल झाली की गाव उठायचं. पण ते माणसांचं होतं हो. पत्रा आम्ही ठोकलाय, त्याची माया आम्हाला विचारू नका.

खाडीपलीकडचा
आंबोळीताईंचं मनाला लागलं. पायरीचा विचार मी केलाच नव्हता, कारण मी उडी मारून चढायचो. तरी हट्ट सोडत नाही. किनारा राहू दे, एखाद्या शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली ठेवा. तेही नको तर निदान पाटी मिळेल का? आमच्या गावाचं नाव असलेली.

वर्कशॉपवाला (निवृत्त)
पाटी किलोवर जाते. भंगारवाल्याला आधी गाठायला हवं. घंटा हवी असेल तर एक माझ्याकडे आहे, लिलाव घेणाऱ्याकडून विकत घेतलेली. गोठ्यात बांधलीय. दोनदा वाजवली की म्हैस उठते.