मदत हवी आहे: बत्तीसच्या रिव्हॉल्वरची फट जास्त वाटते

राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, कापूस-तूरवाला. वडिलांच्या मागे बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर रीतसर माझ्या लायसन्सवर आलं. मागच्या महिन्यात रेंजवर बारा राउंड झाडले, तर बाजूचे काका हात झटकत म्हणाले, "काय उडवून राह्यला बाप्पा?" मनगटात शिशाची कपची रुतली होती, तुरीच्या चुरीएवढी.

घरी आल्यावर सिलिंडरची सहाही घरं (गोळ्या बसायची भोकं) रिकामी असल्याचं दोनदा पाहिलं आणि ट्रॅक्टरच्या टॅपेटच्या फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) नळी आणि सिलिंडरमधली फट मोजली. सिलिंडर मागे दाबला तर ०.२५ मिमीची पत्ती जाते, पुढे दाबला तर ०.१५ ची कशीबशी. एवढ्या फटीनं गोळीचा जोर किती जातो? शिसंही तिथूनच उडते का? गावचा लेथवाला म्हणते, "आणा, अर्ध्या तासात फट बुजवून देतो." मले काही पटत नाही.

प्रतिसाद:
भाऊ, लेथवाल्याकडे नेऊच नका. शस्त्रदुरुस्तीलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आणि फट पुरती बुजवायची नसतेच. काजळी धरली, सिलिंडर तापून जरा फुगला, की तो नळीला घासून अडतो. साधारण ०.१० ते ०.२० मिमी फट चालते. तुमची ०.२५ थोडी जास्त आहे, गॅस निसटतो, वेग थोडा पडतो, पण दहा मीटरवर तुम्हाला ते कळणारसुद्धा नाही. (रशियाच्या १८९५ च्या नागां रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर पुढे सरकून फटच बुजवतो. चाप मात्र भलता जड.)

मला खटकतो तो सिलिंडरचा मागेपुढे ०.१० मिमीचा खेळ (ढिलेपणा). आणि शिसं उडतं ते बहुधा घर नळीच्या समोर नीट येत नाही म्हणून. गोळीची कड नळीच्या तोंडावर तासली जाते. रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा, सिलिंडरला बोटाचा हलका अटकाव द्या, घोडा अगदी हळू चढवा. प्रत्येक घर पूर्ण लॉक होतं का पाहा. फटीच्या बाजूला बोट कधीच नको, रेंजवर तर नकोच.

धागाकर्ता:
पाहिलं दादा. पाच घरं बरोबर बसतात. सहाव्याला घोडा पुरा चढला तरी लॉक होत नाही, अंगठ्यानं जरा ढकललं की मग 'टक' वाजते. त्या घरावर मार्करनं खूण केली. यवतमाळ-अमरावतीकडे परवानावाला दुरुस्तीवाला कोणाच्या माहितीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. तोवर कपाटात.