मदत हवी आहे : ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग

मंडळी, टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलंय. वळताना घरघर यायची. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं तर चांगलाच खेळ जाणवला. हब (चाकाचा मधला भाग) काढला तेव्हा आतल्या टेपर बेअरिंगचा (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचा) पिंजरा, म्हणजे रोलर धरून ठेवणारी चौकट, तुटलेला, ग्रीस काळं पडून त्यात लोखंडाचा चुरा. ऑइल सील फाटलंय, म्हणजे चिखलाचं पाणी तिथूनच आत गेलं असणार.

खरी अडचण पुढे आहे. बेअरिंगची आतली रेस (कडी) स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, घट्ट बसली आहे, पुलरची (ओढून काढायच्या अवजाराची) नखं तिच्या मागे शिरतच नाहीत. ग्राइंडरने तिरका काप घेऊन छन्नीने फोडावी का? स्पिंडलला चर पडायची फार भीती वाटते. गॅसने तापवायला मन धजत नाही, पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं तर?

शिवाय स्पिंडलवर रेस फिरल्याच्या खुणा दिसल्या, तर पॉलिश पेपर मारून चालेल की स्पिंडलच बदलावा?

नवीन बेअरिंग बसवल्यावर चाक फिरवत कॅसल नट (खाचांचा नट) आवळायचा, मग थोडा सैल करून तो फिरू नये म्हणून खाचेतून स्प्लिट पिन घालायची, एवढं माहीत आहे. पण नेमका किती सैल? हाताने हे काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. पेरणी तोंडावर आली आहे.